जुन्या कॉम्प्युटरमध्ये पैसे घालायचे की नवा घ्यायचा? ठरवण्याची माझी पद्धत

गिरगावात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, क्लासच्या नोट्स. तीन मशीन दिवसभर चालू असतात. कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे वाडीतल्या कुणाचाही कॉम्प्युटर रखडला की विचारणा माझ्याकडे येते आणि प्रश्न ठरलेला असतो: "यात काही टाकून चालेल का, की नवाच घेऊ?"

बहुतेक जण आधी सेलची जाहिरात पाहतात आणि मग जुन्या मशीनचे दोष मोजायला बसतात. मी उलटीकडून सुरुवात करते. कॉम्प्युटर सगळाच्या सगळा एकदम म्हातारा होत नाही. बहुतेक वेळा एकच भाग अडतो आणि बाकीचे त्याची वाट बघत बसतात. तो भाग कोणता, तो बदलता येतो का, आणि बदलल्यावर मशीन आणखी किती वर्षं कामाला येईल, एवढं कळलं की निर्णयाला फार वेळ लागत नाही. इथे सांगतेय ते मुख्यतः विंडोजच्या मशीनबद्दल.

सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा

मशीन उघडायच्या आधी, दुकानात न्यायच्या आधी, काहीही करायच्या आधी हे काम. काही वर्षांपूर्वी मी एक मशीन फक्त साफसफाईसाठी एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं होतं. त्याने ते फॉरमॅट मारून, अगदी चकाचक करून परत आणलं. एका मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ९६ पानं त्यात होती. जुने फोटो लोकांनी घराघरांतून शोधून दिले होते, ते पुन्हा मागायला जाताना जो ओशाळेपणा आला तो विसरले नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं कुणाचं होऊ नये म्हणून हे पहिलं लिहितेय.

दोन प्रती करा: एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या मशीनवर. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांना आठवतात. विसरतात ते असं: डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेल्या फायली, टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची मेल फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आपण जमवलेले फॉन्ट. प्रत झाली की त्यातल्या चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

आठवडाभर लिहून ठेवा

एक कागद कीबोर्डशेजारी ठेवा. मशीन अडलं की तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. "सकाळी सुरू व्हायला ९ मिनिटं." "कोरलची मोठी फाइल सेव्ह करताना थांबला." "व्हिडिओ कॉलवर पंखा ओरडायला लागला." नुसतं "स्लो झालाय" यातून काही कळत नाही. सुरू व्हायला वेळ लागणं, चार गोष्टी एकत्र उघडल्यावर रखडणं आणि अर्ध्या तासाने मंदावणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

मशीनची जन्मपत्रिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की प्रोसेसरचं नाव, रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) किती आणि डिस्क कोणती हे सगळं दिसतं.

इंटेलच्या प्रोसेसरचं वय त्याच्या आकड्यात असतं. आय५ नंतर ४२१० असेल तर चौथी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. आठवी पिढी २०१७ साली आली. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे ते उपयोगी पडणार आहे. आणि "माझ्याकडे आय५ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दहा वर्षांपूर्वीच्या आय५ पेक्षा आजचा आय३ बऱ्याच कामांत पुढे असतो.

नेमकं कुठे अडतंय

हा भाग सावकाश वाचा, कारण पैसे इथेच वाचतात.

आपलं रोजचं काम चालू करा आणि मशीन रखडलं की टास्क मॅनेजरकडे बघा. समोरच्या वाडीतल्या काकूंचा लॅपटॉप मी असाच पाहिला होता. २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. भिशीचा हिशोब, बँक, यूट्यूब आणि परदेशातल्या मुलीशी व्हिडिओ कॉल, एवढाच त्यांचा वापर. काकू म्हणाल्या, "अगं, मी हा सुरू करते आणि कुकर लावते. तीन शिट्ट्या झाल्या की मग याच्यापुढे येऊन बसते." मी मोबाइलवर वेळ लावली. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत ११ मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्क्यांच्या आसपास निवांत होता आणि डिस्क सलग १०० टक्के.

याचा अर्थ सरळ आहे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, डेस्कटॉपमधली साधारण ७,२००. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्याआधी सुईला योग्य जागी सरकावं लागतं. असे सुटे तुकडे सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना तर हजारो लहान फायली मागते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे असे तुकडे ती सेकंदाला हजारोंनी देते. मोठी सलग फाइल वाचायची तरी हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी देते आणि साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी ५५० पर्यंत जाते. प्रोसेसर बदलून हा फरक कधी पडला नसता.

तेव्हा डिस्क सतत १०० टक्के आणि आत हार्ड डिस्क असेल, तर औषध एसएसडी. त्याचबरोबर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत पाहा. निळं असेल तर ठीक. पिवळं किंवा लाल दिसलं तर बाकी सगळं सोडून पुन्हा एकदा डेटाची प्रत काढा.

मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल आणि त्याच वेळी डिस्कही धडपडत असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवर ठेवायला लागते आणि त्या ये-जा करण्यात मशीन दमतं. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र सुखाने चालत नाहीत. घरच्या वापराला ८ जीबी पुरते, माझ्यासारख्या कामाला १६.

प्रोसेसर सलग १०० टक्के असेल तर आधी आकडेवारीच्या मागे जा. प्रोसेसेस या यादीत कोण एवढा खातोय ते पाहा. कधी अर्धवट राहिलेलं अपडेट असतं, कधी एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस. ते काढल्यावरही व्हिडिओ संकलनासारख्या खऱ्या कामात प्रोसेसर पुरत नसेल, तर ते दुखणं मोठं आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत नाही असंच धरून चाला. डेस्कटॉपमध्ये तो बदलायचा म्हणजे बहुधा मदरबोर्ड आणि रॅमही बदलायची, म्हणजेच नवं मशीन.

आणि मुंबईत राहणाऱ्यांनी उष्णता आणि दमट हवा विसरू नये. अर्ध्या तासाने मंदावणारं मशीन बहुतेक वेळा तापलेलं असतं. पंख्याच्या मागे धुळीचा असा थर बसतो की हवा जायला जागाच उरत नाही, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) पाच-सहा वर्षांत सुकून पापडी होते. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ब्लोअरने धूळ काढा (पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका) आणि पेस्ट नवी लावून घ्या. डेस्कटॉपवर हे घरी जमतं. लॅपटॉप मात्र सवय असलेल्याकडूनच उघडून घ्या.

आमच्याकडे चौपाटी जवळ, हवा खारी. पावसाळ्यात चार दिवस बंद ठेवलेला डेस्कटॉप सुरू होत नाही, नुसते बीप वाजतात, आणि लोक "मदरबोर्ड गेला" म्हणून घाबरतात. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या अशा मशीनचं पहिलं औषध म्हणजे शाळेतला खोडरबर. वायर काढायची, रॅम बाहेर काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कपट्या फुंकून नव्हे तर ब्रशने झटकायच्या आणि रॅम टक् आवाज येईपर्यंत नीट बसवायची. पट्टीवर आलेला मळकट थर निघाला की मशीन सुरू झाल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. दर वेळी घड्याळ आणि तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असतो. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो.

हे बिनखर्चाचे आणि कमी खर्चाचे उपाय करून झाल्याशिवाय पाकीट उघडू नका.

मशीन किती वाढू शकतं

दुखणं कळलं तरी त्याला जागा हवी. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. तिथेच फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. जोडीला रिकामा स्लॉट नसेल तर ती वाढणार नाही.

रॅमची जात जुळावी लागते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ मध्येही पोटजात आहे: साधी १.५ व्होल्टची आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टची. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला एलवालीच लागते. डीडीआर३ च्या बहुतेक मशीनमध्ये एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या वर जात नाही.

डिस्कचं सोपं आहे. जुन्या लॅपटॉपमधल्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. मशीन थोडं नवं असेल तर एम.२ ची खाच असते. पण एम.२ हे आकाराचं नाव आहे. त्या खाचेत साटा चालते, एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची) चालते की दोन्ही, हे मॉडेल नंबरवरून कंपनीच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्या.

लॅपटॉपची बॅटरीही तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे त्यात असतात. आजची निम्म्याखाली गेली असेल तर बॅटरीचा खर्च हिशोबात धरा. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी काढून घ्या. यात चालढकल नको, आग लागते.

ॲपलबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर २०२० पासूनच्या एम१ आणि पुढच्या मशीनमध्ये रॅम वाढवता येत नाही. तिथे निर्णय विकत घेतानाच होऊन जातो. इंटेलवाले मॅक असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मॅकओएस टाहो ही त्या मशीनना मिळणारी शेवटची आवृत्ती, असं कंपनीने २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे.

विंडोजची तारीख

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तीही त्यासाठी नोंदणी केली तर. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. २०१७ लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरची यादी वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप चालवलं की हो किंवा नाही कळतं.

ॲपने नाही म्हटलं तर कारण वाचा. प्रोसेसर चालण्यासारखा असूनही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम बंद असल्यामुळे नकार आलेला मी पाहिला आहे. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. तेवढं चालू केलं की काम होतं. म्हणजे ज्या मशीनला लोक भंगारात काढायला निघाले होते त्याला फक्त एक सेटिंग हवं होतं.

प्रोसेसरच जुना असेल तर? मशीन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमने त्याच्यावरून हात काढला तो २०२३ च्या सुरुवातीला. तोवर लोक वापरत होते. तरीही ज्या मशीनवरून बँक, जीएसटी, आधार, पॅन अशी कामं होतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवायला माझं मन धजत नाही आणि मी कुणाला तसा सल्लाही देत नाही. अपात्र मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे भेटतील. पुढची अपडेट तिथे मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे कामाच्या मशीनवर मी ते करत नाही.

काकूंच्या लॅपटॉपचा पेच नेमका हाच होता. चौथी पिढी, विंडोज ११ नाही. आम्ही एसएसडी घातली, कारण ती उद्या काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते किंवा केसिंगमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी वापरता येते. रॅमसाठी माझ्या खणातली एक जुनी ४ जीबीची पट्टी जुळली. आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. ते मोफत आहे, सुरक्षा अपडेट येतात, ब्राउझर तेच आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आतच मिळतो. पहिले आठ दिवस काकूंचे फोन आले, "ते खालचं बटण कुठे गेलं गं?" मग थांबले. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांच्यासाठी हा मार्ग मी मनापासून सुचवते.

मराठीत काम करणाऱ्यांनी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझ्यासारख्या डीटीपीवाल्यांचा, वकिलांच्या टायपिस्टचा, छापखान्यांचा प्रश्न वेगळा आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या आणि त्यांच्या जोडीचे फॉन्ट यांवर वर्षानुवर्षांचं काम उभं असतं. लायसन्स अनेकदा हार्डवेअर लॉकवर, म्हणजे आपण डाँगल म्हणतो त्यावर. काही जुने डाँगल प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागतात आणि तो पोर्ट आजच्या मशीनवर दिसत नाही. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे १६ बिटच्या जमान्यातलं काहीही त्यावर चालत नाही.

म्हणून नव्या मशीनची ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी करा. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून आपली आवृत्ती विंडोज ११ वर चालते का आणि नव्या आवृत्तीचे किती पडतील हे विचारा. प्रिंटर आणि स्कॅनरच्या कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे का पाहा. आणि जुन्या फॉन्टमधल्या ज्या फायली वारंवार लागतात त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवायला आत्ताच सुरुवात करा. रूपांतरात जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी दगा देतात, तेव्हा प्रत्येक फाइल डोळ्याखालून घाला. कोरलमध्ये कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून ठेवलेला मजकूर रूपांतरित होत नाही, तो नव्यानेच टाइप करावा लागतो.

माझ्या तीन मशीनपैकी एक याच कारणासाठी जुनं ठेवलं आहे. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही, फक्त जुन्या फायली उघडण्यासाठी ते आहे. आत एसएसडी आहे आणि महिन्यातून एकदा त्याची पूर्ण प्रत निघते.

हिशोब

आता पैसे. कागदाच्या एका बाजूला जुन्यात घालायचं सगळं लिहा: भाग, मजुरी, बॅटरी, विंडोज लागणार असेल तर तेही. दुसऱ्या बाजूला नव्याचा सगळा खर्च, आणि इथे लोक हमखास कमी लिहितात. ऑफिसचं लायसन्स, मराठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर कन्व्हर्टर, लॅन पोर्ट नसेल तर ॲडॅप्टर. मग दोन्हींना वर्षांनी भागा.

समजा नवा लॅपटॉप सगळं धरून ४५,००० ला पडतोय आणि ६ वर्षं चालेल. वर्षाला ७,५०० झाले. जुन्यात ९,००० घातले आणि तो ३ वर्षं चालणार असेल तर वर्षाला ३,०००. जुना ठेवा. पण जुन्यात १८,००० लागणार आणि २ वर्षंच मिळणार असतील, तर वर्षाला ९,००० पडतात. म्हणून माझी मर्यादा अशी: जुन्यावरचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या आत आणि बदलायचे भाग जास्तीत जास्त दोन.

ही मर्यादा मी अनुभवाने घातली. दुसऱ्या पिढीच्या आय५ चा एक डेस्कटॉप माझ्या फार आवडीचा होता. आधी रॅम वाढवली. चार महिन्यांनी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला, तो बदलला. मग मदरबोर्ड. त्या जातीचा नवा बोर्ड मिळेना म्हणून वापरलेला घेतला, तो पुढचा पावसाळा काढू शकला नाही. प्रत्येक वेळी रक्कम लहान वाटली आणि बेरीज मी केलीच नाही. केली तेव्हा ती नव्या मशीनच्या निम्म्यावर गेली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एसएमपीएस किंवा बोर्ड गेलेलं जुनं मशीन समोर आलं की तेव्हापासून मी आधी पेन-कागद घेते.

आणखी एक. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरकडे माल ओढला गेला. एसएसडीलाही त्याची झळ बसली. त्यामुळे कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या किमतीवर हिशोब करू नका. त्या दिवशीचा भाव विचारा.

जुनंच वाढवायचं ठरलं तर

क्रम असा: साफसफाई, मग एसएसडी, मग चार दिवस वापरून पाहणं, आणि त्यानंतरही गरज वाटली तरच रॅम.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव असतं. लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ मधल्या गव्हर्नरचं नाव, पण टॅक्सीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे तेच घेतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. जुन्या रॅमवरच्या लेबलचा आणि लॅपटॉपच्या खालच्या मॉडेल नंबरचा स्पष्ट फोटो बरोबर न्या. "लॅपटॉपची रॅम द्या" म्हटलं तर जी हाताला लागेल ती मिळते.

तीन दुकानांत भाव विचारा, मग घ्या. सीलबंद पाकीटच घ्या, सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर थोडं स्वस्त देतो म्हणतील, नको म्हणा. वॉरंटी बिलावर चालते, आणि धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्क्यांची वजावटही पक्क्या बिलावरच मिळते. एसएसडीला नामांकित कंपन्या बहुधा ३ किंवा ५ वर्षांची वॉरंटी देतात. वॉरंटी दुकानाची की कंपनीची, हे तिथेच विचारा. नाव न ऐकलेली, भलत्याच स्वस्त भावाची मोठी एसएसडी घेऊ नका. सांगितलेली जागा आत नसते असा माल बाजारात फिरतो.

विंडोज नव्याने टाकायचं की जुन्याची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढायची? घरच्या वापराला नव्याने टाकलेलं बरं, वर्षांचा कचरा जातो. डाँगल आणि लायसन्सवाली सॉफ्टवेअर असतील तर प्रत काढा. एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्यासाठी मिळतं. क्लोनझिला मोफत आहे, पण ते नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी मागतं. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. ती नसेल तर डेटा डोळ्यांसमोर असून उघडत नाही.

नवा घ्यायचं ठरलं तर

१६ जीबी रॅम. ८ घेत असाल तर रिकामा स्लॉट असल्याची खात्री करूनच. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. फुल एचडी आयपीएस स्क्रीन, कारण मराठीत मात्रा आणि अनुस्वार बारीक असतात आणि फिकट स्क्रीनवर प्रूफ पाहताना डोळे जातात. मशीनबरोबर विंडोज आहे का, ऑफिस कायमचं आहे की वर्षभराचं, आणि वॉरंटीत माणूस घरी येतो की आपण जायचं, एवढं विचारा.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मोठ्या कॅबिनेटऐवजी मॉनिटरच्या मागे बसणारा मिनी पीसी फार सोयीचा पडतो. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला पाणी घरात शिरलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. असेंबल्ड डेस्कटॉप घेताना दुकानदार काटछाट करतो ती एसएमपीएसमध्ये. ८० प्लस शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवणारा) आणि ओळखीच्या कंपनीचा मागा.

मधला मार्गही आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी मी बहुतेक वेळा तोच सुचवते: कंपन्यांनी वापरून काढलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिका मजबूत असतात आणि भागही मिळतात. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. दुकानातच बॅटरीचा अहवाल काढा, प्रत्येक कळ दाबून पाहा, बिजागरी हलवा, स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून डाग शोधा आणि बायोसमध्ये शिरून पाहा. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप परत ठेवा.

जुन्या मशीनचं काय

हार्ड डिस्क चांगली असेल तर काढून घ्या, यूएसबी केसिंगमध्ये घालून ती प्रती ठेवायला वापरता येते. मशीन कुणाला द्यायचं असेल तर नुसत्या फायली उडवून भागत नाही. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढा हा पर्याय घेऊन ड्राइव्ह साफ करण्याचं सेटिंगही चालू करा. चालतं मशीन असेल तर एसएसडी आणि लिनक्स घालून गरजू विद्यार्थ्याला द्या. न चालणारं मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ खाली नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे ते जायला हवं, कारण उघड्यावर बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्यांच्या छातीत तो धूर जातो.

काही बदललं असेल ते जुन्यात असो वा नव्यात, एका चिकटपट्टीवर तारीख, भाग आणि दुकानाचा बिल नंबर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला किंवा लॅपटॉपच्या पिशवीत चिकटवा. पुढच्या वेळी मशीन अडेल तेव्हा हिशोबाचा कागद तिथूनच सुरू करता येतो.